प्रयोगापूर्वीचे रूप : स्तरित सिलिकेटांच्या भाकिताचा इतिहास

अभ्रक आपल्या परंपरेला परके नाही. रसशास्त्राच्या ग्रंथांनी त्याचे पिनाक, दर्दुर, नाग आणि वज्र असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि ते ओळखण्याची कसोटी अग्नीची ठेवली आहे. निखाऱ्यावर ठेवले असता ज्याची दले सुटी होतात ते पिनाक. ज्यातून बेडकासारखा आवाज निघतो ते दर्दुर. जे सापासारखे फूत्कारते ते नाग, आणि ज्याच्या ठायी काहीच विकार दिसत नाही ते वज्र. या वर्गीकरणात निरीक्षण बारीक आहे आणि कसोटी प्रत्येकाला करून पाहता येईल अशी आहे. तथापि त्याची एक मर्यादा उघड आहे. हाती आलेला तुकडा कोणत्या प्रकारात बसतो एवढेच ते सांगू शकते. जो तुकडा अद्याप कोणाच्याच हाती आलेला नाही, त्याविषयी त्याला काही बोलता येत नाही. नाव अनुभवाच्या मागून येते, आणि अनुभव जेथे थांबतो तेथे नावही थांबते.

खनिजशास्त्राची बहुतेक सूची जगभर अशाच रीतीने सिद्ध झाली आहे. खाणीत सापडले, तपासले, वेगळे ठरले, नाव मिळाले. मात्र विसाव्या शतकात ह्या क्रमाच्या उलट जाणारी एक घटना घडली. काही सिलिकेट खनिजांची रचना आधी कागदावर सिद्ध झाली, त्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाणही आकडेमोडीने मिळाले, आणि खनिजे मागाहून दगडात सापडली. हे कसे घडले, त्या भाकिताला कोणता आधार होता आणि त्याची मर्यादा कोठे होती, हे पाहण्याचा येथे विचार आहे. विषय दगडांचा असला तरी भाषेच्या अध्यापकांना त्यात एक ओळखीचा प्रश्न दिसेल. नियमाने सिद्ध होणारे, परंतु कोणी उच्चारलेले न ऐकलेले रूप खरे मानावे काय, हा तो प्रश्न होय.

प्रथम रचनेचा पाया समजून घेतला पाहिजे. १९१२ मध्ये माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठविण्याचा प्रयोग झाला आणि किरणांची ठराविक दिशांनी फाटाफूट होते असे आढळले. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे पुत्र विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये या फाटाफुटीवरून साध्या मिठातील अणूंची मांडणी उलगडून दाखविली. १९१५ चे नोबेल पारितोषिक पितापुत्रांना मिळून मिळाले, तेव्हा पुत्राचे वय अवघे २५ वर्षांचे होते. पुढे धाकटे ब्रॅग मँचेस्टर येथे प्राध्यापक झाले आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकेटांकडे लक्ष वळविले. पृथ्वीच्या कवचाचा फार मोठा भाग सिलिकेटांचा आहे. पण त्यांची रासायनिक सूत्रे इतकी गुंतागुंतीची होती की त्यांत कोणतीही सुसंगती दिसत नसे.

क्ष-किरणांनी ती सुसंगती दाखविली. सिलिकॉनचा प्रत्येक अणू ऑक्सिजनच्या चार अणूंनी वेढलेला असतो. ही चार ऑक्सिजनांची चौकट म्हणजे एक चतुष्फलक. हे चतुष्फलक कधी सुटे राहतात, तर कधी कोपऱ्यांशी जोडले जाऊन मोठी आकृती घडवितात. १९२८ मध्ये वॉरन व ब्रॅग यांनी डायोप्साइड या खनिजात चतुष्फलकांची एकपदरी साखळी असल्याचे दाखविले. ह्या कुळाला पायरोक्सीन म्हणतात. १९२९ मध्ये वॉरन यांना ट्रेमोलाइटमध्ये दुपदरी साखळी आढळली. हे कूळ अँफिबोलांचे. अभ्रकात ही साखळी दोन्ही बाजूंनी पसरत जाऊन अखंड पत्र्यासारखा स्तर तयार होतो. अभ्रकाची दले नखाने सुटी करता येतात त्याचे कारण हेच. स्तराच्या आतील बंध बळकट असतात, आणि दोन स्तरांमधील बंध त्या मानाने दुबळे असतात. पिनाकाची दले निखाऱ्यावर उकलतात तीही ह्याच दुबळ्या जागी.

भाकिताच्या दिशेने पहिले मोठे पाऊल पडले ते १९३० मध्ये. कॅलिफोर्नियातील तरुण रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी आदल्या वर्षी गुंतागुंतीच्या आयनिक स्फटिकांच्या घडणीचे पाच नियम मांडले होते. त्या नियमांचा आशय थोडक्यात असा की स्फटिकात कोठेही विद्युत्‌भार शिल्लक राहता कामा नये. प्रत्येक ऋणभारित अणूला जवळच्या धनभारित शेजाऱ्यांकडूनच त्याचा हिशेब चुकता करून मिळाला पाहिजे. १९३० मध्ये त्यांनी हे नियम अभ्रकाला लावले. चतुष्फलकांचा षट्‌कोनी जाळीचा स्तर आणि ॲल्युमिनियम वा मॅग्नेशियमच्या हायड्रॉक्साइडचा स्तर, या दोहोंचे माप जवळपास सारखे आहे हे त्यांच्या ध्यानी आले. षट्‌कोनी जाळीचा आवर्ती अंतराळ सुमारे ५ अँगस्ट्रॉम, आणि हायड्रॉक्साइडचाही तेवढाच. (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) मापे जुळतात म्हणून स्तर एकमेकांवर बसू शकतात. मधे हायड्रॉक्साइडचा स्तर आणि वर व खाली सिलिकेटची जाळी, अशी तिपदरी घडी त्यांनी सिद्ध केली.

या एका घडीतून तीन निरनिराळ्या खनिजांचे स्वभाव उलगडले. घडीचा विद्युत्‌भार पूर्ण चुकता झाला असेल तर घड्यांमध्ये बांधणारे काहीच उरत नाही. शंखजिऱ्याची अवस्था ही होय, म्हणूनच ते नखाने ओरखडते आणि काठिण्याच्या मापनात सर्वांत खाली, १ या पायरीवर बसते. दर चार सिलिकॉनांपैकी एकाची जागा ॲल्युमिनियमने घेतली तर घडीवर एक ऋणभार उरतो आणि तो फेडण्यासाठी दोन घड्यांमध्ये पोटॅशियम येऊन बसते. हे नेहमीचे अभ्रक, काठिण्य सुमारे २.५. चारांपैकी दोन सिलिकॉनांची अदलाबदल झाली तर ऋणभार दुप्पट होतो, त्यासाठी दुहेरी भाराचे कॅल्शियम लागते, बंध अधिक घट्ट होतो आणि दले लवचीक न राहता ठिसूळ होतात. ठिसूळ अभ्रके म्हणून खनिजशास्त्रात जो वर्ग पूर्वीपासून होता त्याचे काठिण्य ४ च्या आसपास का असते, याचे उत्तर असे मिळाले. मऊपणा, लवचीकपणा आणि ठिसूळपणा हे तीन स्वतंत्र गुणधर्म वाटत होते, ते एकाच हिशेबाचे तीन निकाल ठरले.

त्याच वर्षीच्या विवेचनात पॉलिंग यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. समजा, हायड्रॉक्साइडच्या स्तराला दोन्ही बाजूंनी जाळी न जोडता एकाच बाजूने जोडली. आता घडीच्या दोन बाजू भिन्न झाल्या, आणि दोन्हींचे माप अगदी तंतोतंत सारखे नसल्यामुळे अशी घडी सपाट राहण्याऐवजी वाकू पाहील. एका बाजूने ओले झालेले पत्र जसे वळते तसाच हा प्रकार. मॅग्नेशियमच्या हायड्रॉक्साइडचा स्तर सिलिकेटच्या जाळीहून थोडा मोठा असतो, तेव्हा वळणाच्या बाहेरच्या अंगाला तो असणार हे ओघानेच आले.

या साध्या अनुमानाचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. क्रायसोटाइल म्हणजे नेहमीच्या वापरातले पांढरे ॲस्बेस्टस. ते तंतुमय असते, त्याचे धागे विणता येतात. धागा दिसतो त्याअर्थी आत साखळी असणार, अशी कल्पना होणे स्वाभाविक होते, आणि १९३० च्या सुमारास वॉरन व ब्रॅग यांनी क्रायसोटाइलसाठी साखळीचीच रचना सुचविली होती. १९४१ मध्ये वॉरन व हेरिंग यांनी ती बाजूस सारून स्तरांची रचना पुढे आणली. पण रचना स्तरांची असेल, तर धागा कोठून आला? याचे उत्तर १९५० मध्ये बेट्स, सँड व मिंक यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिले. क्रायसोटाइलचा तंतू म्हणजे पोकळ नळी होती. १९६७ मध्ये जपानी संशोधक यादा यांनी अधिक स्पष्ट छायाचित्रे घेतली, तेव्हा नळीच्या भिंतीतील स्तर एकावर एक गुंडाळलेले प्रत्यक्ष दिसले. वाकलेला स्तर वीस वर्षे केवळ कागदावर होता. तो असा प्रत्यक्षात आला.

ह्या नळ्यांचा विषय केवळ विद्वानांपुरता राहिलेला नाही. ॲस्बेस्टस-सिमेंटचे पत्रे आपल्याकडे कितीतरी घरांवर, शाळांवर आणि कारखान्यांवर पडले. हे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर आत गेल्यास फुप्फुसांचे गंभीर रोग व कर्करोग होतात हे आता निर्विवाद आहे, आणि कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्बेस्टसचे सर्व प्रकार मानवास कर्करोगकारक ठरविले आहेत. स्तर सपाट राहिला तर तो अंगाला लावायची शंखजिऱ्याची भुकटी होतो, आणि वळला तर फुप्फुसात रुतणारा तंतू. अणूंच्या मापातील अल्पशा विसंगतीचे परिणाम माणसाच्या आयुष्यापर्यंत असे पोहोचतात.

तथापि येथवरचे भाकीत एका ज्ञात खनिजाच्या अज्ञात आकाराविषयी होते. जे खनिजच कोणी पाहिलेले नाही त्याचे भाकीत पुढे १९७० मध्ये झाले. ते करणारे होते हार्वर्ड विद्यापीठातील शैलशास्त्रज्ञ जेम्स थॉम्पसन.

थॉम्पसन यांच्यासमोरचा प्रश्न असा होता. पायरोक्सीन, अँफिबोल आणि अभ्रक यांच्यातील साम्य जुन्या अभ्यासकांनाही जाणवले होते. १९११ मध्येच योहान्सन यांनी बायोटाइट, पायरोक्सीन आणि अँफिबोल या तिन्ही नावांचे तुकडे जोडून ‘बायोपिरिबोल’ असा सामासिक शब्द बनविला होता. परंतु तो शब्द केवळ एका गटाचे सोयीचे नाव होता. थॉम्पसन यांनी त्या नावामागचा नियम शोधला. त्यांनी कागदावर अभ्रकाची रचना एका ठराविक दिशेने उभी कापून तिच्या पट्ट्या केल्या. पायरोक्सीनच्याही तशाच पट्ट्या केल्या. दोन्ही पट्ट्यांच्या कापलेल्या कडा एकमेकांना जुळतात असे दिसून आले. अभ्रकाच्या पट्टीला ‘अ’ आणि पायरोक्सीनच्या पट्टीला ‘प’ म्हणू. नुसत्या ‘प’ लागोपाठ ठेवल्या की पायरोक्सीन होते आणि साखळी एकपदरी असते. नुसत्या ‘अ’ ठेवल्या की अभ्रकाचा अखंड स्तर होतो. ‘अप’ असा जोड पुन्हा पुन्हा ठेवला की अँफिबोल होते आणि साखळी दुपदरी असते. म्हणजे अँफिबोल हे तिसरे स्वतंत्र कूळ न राहता दोन वर्णांचा एक जोड ठरला.

एकदा वर्ण ठरले आणि जोडण्याचा नियम ठरला, की शब्दांची संख्या दोन-तीनांवर थांबत नाही. ‘अअप’ असा जोड का असू नये? प्रत्येक वाढीव ‘अ’ साखळीची रुंदी एकाने वाढवितो. म्हणून ‘अअप’ मध्ये तिपदरी साखळी असली पाहिजे. ‘अअपअप’ मध्ये तिपदरी व दुपदरी साखळ्या आळीपाळीने याव्यात. अशा साखळ्या असलेली या कुळातील खनिजे तोवर निसर्गात कोणी वर्णिलेली नव्हती. रचना संभवनीय आहे, नियमाला धरून आहे, पण उदाहरण नाही, अशी ती स्थिती होती.

ह्या भाकिताचे बळ त्याच्या काटेकोरपणात आहे. आपल्याला हा हिशेब स्वतः करून पाहता येतो. शुद्ध मॅग्नेशियमचे रूप घेतले तर एका ‘अ’ पट्टीत शंखजिऱ्याचे सूत्र भरते, म्हणजे ३ मॅग्नेशियम, ४ सिलिकॉन, १२ ऑक्सिजन आणि २ हायड्रोजन. एका ‘प’ पट्टीत ४ मॅग्नेशियम, ४ सिलिकॉन आणि १२ ऑक्सिजन येतात. दोन्ही पट्ट्यांत सिलिकॉन व ऑक्सिजन सारखेच. फरक इतकाच की ‘प’ मधील एका मॅग्नेशियमऐवजी ‘अ’ मध्ये दोन हायड्रोजन आहेत. मॅग्नेशियमचा भार दुहेरी आणि हायड्रोजनचा एकेरी, म्हणून जमाखर्च जुळतो. आता ‘अप’ ची बेरीज केली तर ७ मॅग्नेशियम, ८ सिलिकॉन, २४ ऑक्सिजन आणि २ हायड्रोजन मिळतात, आणि हेच अँथोफिलाइट या परिचित अँफिबोलाचे सूत्र होय. नियम ज्ञात उदाहरणाला लागू पडला. ‘अअप’ ची बेरीज १०, १२, ३६ आणि ४ अशी येते. ‘अअपअप’ ची येते १७, २०, ६० आणि ६. लांबीचाही हिशेब असाच आहे. दर पट्टीची रुंदी सुमारे ९ अँगस्ट्रॉम. तेव्हा ‘अप’ चे आवर्तन १८, ‘अअप’ चे २७ आणि ‘अअपअप’ चे ४५ अँगस्ट्रॉमच्या आसपास पडले पाहिजे. असे आकडे देणारे भाकीत खोटे ठरविणे सोपे असते, आणि म्हणूनच ते खरे ठरले तर त्याला मोल येते.

येथे व्याकरणाच्या अभ्यासकाला पतंजलीच्या महाभाष्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पस्पशाह्निकात अशी शंका उपस्थित केली आहे की नियमाने सिद्ध होणारे, पण लोकांच्या वापरात नसलेले शब्द आहेत. ऊष, तेर, चक्र आणि पेच ही त्यांची उदाहरणे. लोक त्यांच्या जागी दुसरीच रूपे वापरतात. मग अशी रूपे शास्त्राने कशासाठी सांगावीत? भाष्यकाराचे समाधान मोठे मार्मिक आहे. शब्दाच्या प्रयोगाचे क्षेत्र अफाट आहे, सप्तद्वीपा पृथ्वी आहे, वेद व त्यांच्या शाखा आहेत, प्रांतोप्रांतीचे व्यवहार आहेत. हे सर्व न धुंडाळता ‘प्रयोग नाही’ असे म्हणणे साहसाचे आहे. आणि पुढे ऊष व चक्र यांचे प्रयोग वेदातून दाखविलेही आहेत. वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांच्या मराठी भाषांतरामुळे हा वाद आपल्याला आपल्या भाषेतही वाचावयास मिळतो. त्याच ठिकाणी दीर्घसत्रांचाही दृष्टांत आहे. शंभर वा हजार वर्षे चालणारी सत्रे आता कोणी करीत नाही, तरी शास्त्रात त्यांचे विधान आहे.

शास्त्रे भिन्न आहेत, आणि हा दृष्टांत ताणता कामा नये. भाषेचे नियम वापरातून काढलेले असतात, खनिजाचे नियम भार व मापे यांतून येतात. परंतु दोन्हीकडे युक्तिवादाची ठेवण एकच आहे. नियम सिद्ध झाला की तो अप्रयुक्त रूपेही सिद्ध करतो. आणि अप्रयुक्त रूप भेटले नाही, याचा अर्थ शोध पुरा झाला असा होत नाही. थॉम्पसन यांची ‘अअप’ व ‘अअपअप’ ही रूपे १९७० मध्ये ऊष व चक्र यांच्या पंक्तीला बसलेली होती.

त्यांचा प्रयोग सापडला तो अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात, चेस्टर या गावाजवळील शंखजिऱ्याच्या खाणीत. तेथील खडकात अँथोफिलाइट होते. त्याच्याबरोबर असलेले काही स्फटिक साध्या डोळ्यांना अँथोफिलाइटसारखेच दिसत; पण क्ष-किरणांच्या छायाचित्रांत त्यांचे आवर्तन १८ अँगस्ट्रॉमचे निघेना. हार्वर्डमधीलच डेव्हिड व्हेब्लेन व चार्ल्स बर्नहॅम यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला, ॲरिझोना राज्य विद्यापीठातील पीटर ब्यूसेक यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची जोड दिली, आणि १९७७ मध्ये तिघांनी मिळून निष्कर्ष प्रसिद्ध केला. एका स्फटिकाचे आवर्तन २७ अँगस्ट्रॉमच्या किंचित वर होते, दुसऱ्याचे ४५ च्या किंचित वर. पहिल्यात तिपदरी साखळी होती, दुसऱ्यात तिपदरी व दुपदरी आळीपाळीने. मॅग्नेशियमच्या काही जागा लोहाने घेतल्या होत्या, निसर्गात असे चालतेच; पण तेवढे सोडले तर सूत्रे बेरजेप्रमाणे होती. पहिल्याला जिमथॉम्पसनाइट हे नाव भाकीत करणाऱ्याच्या गौरवार्थ मिळाले, तर दुसऱ्याला गावावरून चेस्टराइट. थॉमसनाइट नावाचे एक निराळेच खनिज एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध होते. नावात ‘जिम’ आल्याने तो घोटाळाही टळला.

सूक्ष्मदर्शकाने याहून अधिक काही दाखविले. सुबक क्रमाच्या शेजारीच बेशिस्त क्रमाचे पट्टे होते. कोठे चौपदरी, कोठे पाचपदरी, कोठे त्याहून रुंद साखळ्या, कोणत्याही ठराविक आवर्तनाशिवाय एकमेकींना लागून उभ्या होत्या. ह्या दृश्याने भूशास्त्राचा एक प्रश्न सोडविला. खाण शंखजिऱ्याची होती. म्हणजे उष्ण पाण्याच्या संसर्गाने तेथील खडक बदलत गेला होता. वरील हिशेबात आपण पाहिले की ‘प’ ची ‘अ’ होणे म्हणजे एक मॅग्नेशियम जाऊन दोन हायड्रोजन येणे. पाण्याने हेच केले. अँथोफिलाइट हळूहळू शंखजिरे होत असता वाटेत ज्या अवस्था लागल्या, त्यांतील काही सुस्थिर क्रमाने गोठल्या व खनिज म्हणून गणल्या गेल्या, बाकीच्या अर्धवट राहिल्या. भाकिताने शब्द सांगितला होता. दगडाने त्या शब्दाची व्युत्पत्तीही सांगितली.

म्हणून भाकीत म्हणजेच ज्ञान, असे मात्र कोणी समजू नये. ‘अ’ व ‘प’ यांचे जोड अनंत आहेत आणि खनिजसूचीत त्यांतील मूठभरच आहेत. रचना जुळते म्हणजे ती टिकतेच असे नाही. उष्णता, दाब आणि भोवतालचे पाणी यांचा कौल वेगळा असतो. याच कारणाने खनिजशास्त्राने आपला एक दंडक कडकपणे पाळला आहे. नवी नावे मंजूर करण्यासाठी १९५९ मध्ये नेमलेला आंतरराष्ट्रीय आयोग निसर्गात न सापडलेल्या वस्तूला खनिजाचे नाव देत नाही, मग तिचे गणित कितीही पक्के असो. याचे सर्वांत बोलके उदाहरण स्तरित सिलिकेटांच्या बाहेरचे आहे. पृथ्वीच्या खोल प्रावरणात विपुलतम असणारे मॅग्नेशियम सिलिकेट प्रयोगशाळेत १९७४ मध्ये प्रचंड दाबाखाली बनविण्यात आले. ते आपल्या ग्रहाचा मोठा भाग व्यापते याविषयी विद्वानांत एकमत होते. तरीही ते चाळीस वर्षे अनाम राहिले. १८७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम उल्केत त्याचे नैसर्गिक कण मिळाले, तेव्हा २०१४ मध्ये त्याला ब्रिजमनाइट हे नाव लाभले. अनुमानाला मान आहे, पण नामकरणाचा अधिकार प्रत्यक्षाकडे आहे.

शिवाय निसर्गाचे सारे स्तर पॉलिंग यांच्या षट्‌कोनी जाळीचेच असतात असेही नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत जे अपोफिलाइट सापडते तेही स्तरित सिलिकेट आहे. पण त्याच्या जाळीत चार व आठ चतुष्फलकांची कडी असतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतील निळेभोर कॅव्हन्साइट, ज्यासाठी जगभरचे संग्राहक झुरतात, त्याच्याही स्तरांत अशीच चार व आठांची जाळी आहे. त्याचे वर्णन प्रथम १९७३ मध्ये ऑरेगॉन राज्यातील नमुन्यांवरून झाले. त्याच घटकांचे पण सहांच्या कड्यांचे पेंटॅगोनाइट त्याचा सहोदर आहे. ‘अ’ आणि ‘प’ यांच्या व्याकरणात ही दोन्ही बसत नाहीत. कोणतेही व्याकरण एका भाषेचे असते, आणि दगडांच्या भाषा एकाहून अधिक आहेत.

या इतिहासातून अध्यापकाने काय घ्यावे? आपल्या पाठ्यपुस्तकांत खनिजे अजून याद्यांच्या रूपाने येतात. नाव, रंग, काठिण्य, उपयोग, सापडण्याचे ठिकाण. विद्यार्थी ती पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो, कारण एका ओळीचा दुसरीशी काही संबंध आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. शब्दरूपे पाठ करून घेणारा आणि नियम न शिकविणारा भाषाशिक्षकही हेच करीत असतो. वस्तुतः दोन अक्षरे, चार आकडे आणि बेरीज एवढ्या सामग्रीवर आठवी-नववीचा विद्यार्थी जिमथॉम्पसनाइटचे सूत्र फळ्यावर स्वतः काढू शकतो. ते काढून झाल्यावर त्याला सांगावे की हे खनिज असे आधी काढले गेले आणि सात वर्षांनी सापडले. यादीतील एक नाव पाठ केल्याने जे मिळत नाही ते त्याला या एका तासात मिळेल.

आणि दुसरी गोष्टही त्याच तासात सांगितली पाहिजे. चेस्टरचे ते स्फटिक भाकिताने निर्माण केले नव्हते. ते त्या खडकात मानवजातीच्या आधीपासून होते, आणि कोणी सहज पाहिले असते तर अँथोफिलाइट म्हणून बाजूला ठेवले असते. नियम हाती होता म्हणून १८ ऐवजी २७ हा आकडा दिसताच त्याचा अर्थ लागला. त्या आकड्याला चूक समजून टाकून न देण्याइतके धैर्य पाहणाऱ्यांना आले ते नियमामुळे, आणि नियमाला सत्याची मान्यता मिळाली ती त्या दगडामुळे. शास्त्र शिकविताना या दोहोंपैकी एकच शिकविले तर विद्यार्थी एक तर पाठांतर करणारा होतो, नाही तर कल्पनांचे मनोरे रचणारा. दोन्ही एकत्र शिकविणे कठीण आहे खरे. परंतु ‘प्रयोग नाही’ असे म्हणण्यापूर्वी शोधावयास सांगणारी आणि शोधून उदाहरण दाखविणारी परंपरा ज्यांच्या पाठीशी आहे, त्यांना ते अशक्य वाटू नये.